कशानं काय होतं, हे शास्त्रज्ञांना कळतं कसं?

2024 च्या मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि तिचीच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एकूण सतरा तत्त्वं होती. आपल्या फोनवर मात्र त्यातलं एकच वाक्य फिरत राहिलं: जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा नको. पाठोपाठ चहा हृदयाला चांगला असल्याचाही मेसेज आला. अंडं, तूप, भात, खोबरेल तेल, जवस यांचंही गेली काही वर्षं हेच चाललंय. "आज म्हणतात खा, उद्या म्हणतात नोको खाऊ. यायचं काही खरं नाही बाप्पा," असं पारावर कोणी म्हणालं तर त्याला दोष देता येत नाही.

पण अशा बातम्यांमागे एक रीतसर शास्त्र आहे. हजारो लोक काय खातात आणि पुढे त्यांना कोणते आजार होतात, याचा ताळमेळ ते लावतं. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव न्यूट्रिशनल एपिडेमिओलॉजी. इथे आपण त्याला आहार-अभ्यास म्हणू. तो कसा चालतो हे एकदा कळलं की कोणती बातमी मनावर घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, हे आपलं आपल्याला बऱ्यापैकी ठरवता येतं. आणि त्याचं एक उत्तम उदाहरण आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातच आहे.

एका माणसावरून का ठरत नाही?

"आमचे आजोबा रोज तर्रीबाज रस्सा खायचे, नव्वदी गाठली." हे खरं असतं, आणि तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याच गावात तसंच खाणारे आणखी दहा जण साठीच्या आत गेले असतील, तर त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही. एका माणसाच्या आजारामागे अनुवंश, कष्ट, तंबाखू, पाणी, जुने आजार असं बरंच काही असतं. आहाराचा वाटा वेगळा काढायचा तर पुष्कळ माणसं लागतात, ती वेगवेगळं खाणारी असावी लागतात, आणि त्यांच्यावर बराच काळ नजर ठेवावी लागते.

लाखोळीची गोष्ट

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात धान बांधीत उभं असतानाच लाखोळीचं, म्हणजे लाख नावाच्या कडधान्याचं, बी फेकतात. धान कापलं जातं आणि मागे उरलेल्या ओलीवर लाखोळी वाढते. नांगरट नाही, पाणी नाही, खर्च जवळजवळ नाही. इतर पिकं माना टाकतात तेव्हाही ही तग धरते. तिच्या डाळीत प्रथिनं भरपूर, आणि वरण, भजी, वडे, पाल्याची भाजी असं तिचं सगळंच खाल्लं जातं.

हीच लाखोळी पायांचा लकवा आणते म्हणून बदनाम झाली. त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. आधी पिंढऱ्या आखडतात, मग माणूस चवड्यांवर चालायला लागतो, पाय एकमेकांत अडकतात. हाती काठी येते, पुढे दुसरी काठी, आणि शेवटी काहींना बसल्या जागी सरपटावं लागतं. गेलेली ताकद परत येत नाही. बळी पडतात ते बहुतेक कामाच्या वयातले तरुण पुरुष.

1830 च्या दशकात सागर भागात नेमणुकीवर असलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन, ठगांच्या बंदोबस्तासाठी जो आपल्याला माहीत आहे तोच, याने लिहून ठेवलंय की गव्हाचं पीक बुडालं, लोक लाखेवर जगले आणि गावंच्या गावं पांगळी झाली. पुढे मध्य प्रदेशातल्या रीवा भागात मजुरांना वर्षानुवर्षं मजुरी म्हणून हेच धान्य दिलं जायचं, आणि तिथे पांगळ्यांची संख्या मोठी होती. 1942-43 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, आजच्या युक्रेनमधल्या वापन्यार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे 400 ग्रॅम लाख खायला घातली गेली. काही महिन्यांतच कैद्यांचे पाय जाऊ लागले. त्याच छावणीत कैदी असलेल्या आर्थर केसलर या डॉक्टरने कारण ओळखलं. 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बियांमधलं विष वेगळं काढून दाखवलं. त्याला ओडॅप म्हणतात.

एवढ्यावर खटला संपायला हवा होता. पण धानपट्ट्यातला कोणीही शेतकरी विचारेल, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी शिजते, मग आम्ही चालतोय कसे? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि याचं उत्तर नुसत्या प्रयोगशाळेत मिळत नाही. ते लोकांच्या ताटांची तुलना करूनच मिळतं. पांगळे झाले त्यांच्या रोजच्या अन्नात लाखोळीचा वाटा एक-तृतीयांशापासून पार पूर्ण ताटापर्यंत होता, आणि असं दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त चाललं होतं. इथिओपियात 1990 च्या दशकातल्या दुष्काळानंतर आलेल्या साथीचा अभ्यास झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या जेवणात लाखेबरोबर इतर धान्य मिसळलेलं होतं त्यांना धोका कमी होता. भिजवून, उकळून, वरचं पाणी फेकलं की विष कमी होतं, पण दुष्काळात पाणी आणि जळण दोन्हींची मारामार असते.

म्हणजे डाळ तीच, पण आठवड्यातून दोनदा भाताबरोबर खाणाऱ्याला ती डाळ होती आणि घरात दुसरं काहीच नसणाऱ्याला ती विष ठरली. पदार्थाचं नाव विचारून भागत नाही. किती, किती दिवस, कशाबरोबर आणि कोणी, हे चार प्रश्न विचारावेच लागतात. माझ्या मते आहाराच्या अर्ध्याअधिक बातम्या बिघडतात त्या इथेच, कारण मथळ्यात फक्त पदार्थाचं नाव मावतं.

1961 मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. विदर्भात या बंदीविरुद्ध अनेक वर्षं आंदोलनं झाली. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण निघाले. 2016 च्या सुरुवातीला आयसीएमआरच्या समितीने बंदी उठवायला अनुकूलता दाखवल्याच्या बातम्या आल्या आणि वाद पुन्हा पेटला. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. विष खरं आहे, आणि मिश्र आहारात थोडी खाणारे बहुतेक जण सुखरूप राहतात हेही खरं आहे. मला खटकतं ते इतकंच की सगळी चर्चा डाळीभोवती फिरते. मजुराच्या ताटात तिच्याशिवाय दुसरं काही का नव्हतं, हा प्रश्न त्या चर्चेत फार उशिरा येतो.

ज्वारीचंही असंच झालं होतं. आज ती पौष्टिक म्हणून शहरातल्या दुकानात चढ्या भावाने विकली जाते आणि 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. पण 1960 च्या सुमारास पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी दख्खनच्या पठारावर ज्वारीच खाऊन राहणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा शोधत होते. हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग. त्यात उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते. ज्वारीच्या भाकरीसोबत डाळ, भाजी, दूध असेल तर हा रोग दिसत नाही.

पण खाल्लं किती, हे मोजतात कसं?

या शास्त्राची सगळ्यात कच्ची बाजू हीच. रक्तदाब यंत्रावर दिसतो, वजन काट्यावर दिसतं. गेल्या महिन्यात पोटात काय गेलं हे कशावर दिसत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

नेहमीची पद्धत चोवीस तासांच्या आठवणीची. आयसीएमआरने 1972 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पोषण देखरेख यंत्रणेच्या पाहण्यांत ती वर्षानुवर्षं वापरली गेली. पाहणी करणारी ताई ठरलेल्या मापाच्या वाट्या, चमचे घेऊन घरी येते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईसमोर बसते. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?

"काही नाही, चहा घेतला."

चहासोबत काही? मग आठवते रात्रीची शिळी भाकर. दुपारी शेतात? डबा होता. त्याआधी? कापूस वेचता वेचता तुरीच्या चार ओल्या शेंगा सोलून तोंडात टाकलेल्या असतात, त्या कोणी खाणं म्हणून धरत नाही. तेल किती? पळीभर. पळी केवढी, तर ती आणून दाखवावी लागते, आणि तेलाचं पाकीट किती दिवस पुरतं यावरून ताळा करावा लागतो. पीठ किती मळलं, वरणाला डाळ किती घातली, शिजल्यावर भांडं कुठवर भरलं, त्यातलं कोणाच्या ताटात किती वाट्या गेल्या, असं एकेक करत हिशेब लागतो. नवऱ्याचं सांगून होतं, पोरांचं होतं, सासूबाईंचं होतं. "आणि तुम्ही किती घेतलं?" यावर उत्तर येतं, "सगळ्यायचं झाल्यावर राह्यलं थे."

या उत्तराशी ताईने थांबायला हवं. घरात महिन्याला किती डाळ आली यावरून माणशी सरासरी काढली तर कागदावर त्या बाईच्या वाट्यालाही डाळ येते. भांड्यात तिच्यासाठी पातळ पाणीच उरलेलं असू शकतं. म्हणून चांगल्या पाहणीत घराचा हिशेब पुरत नाही, माणसागणिक ताट मोजावं लागतं.

आणि काल बाजाराचा दिवस असेल तर? घरात मच्छी आली असेल, पोरांसाठी चिवडा आला असेल. एका दिवसाची आठवण पूर्ण आठवड्याची नसते, आणि पावसाळ्यातली उन्हाळ्याची नसते. तरोट्याची भाजी पहिल्या पावसानंतर, मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून वेगवेगळ्या दिवशी आणि ऋतूंत पुन्हा विचारतात, किंवा दुसरी पद्धत वापरतात: पदार्थांची यादी वाचायची आणि प्रत्येक पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाता ते नोंदवायचं. माणसं मुद्दाम खोटं बोलत नाहीत, पण खाल्लेलं कमी सांगतात, हे शरीरात खर्च होणारी ऊर्जा मोजून पडताळलं गेलंय. मिठासाठी तर आठवणीपेक्षा दिवसभराची लघवी गोळा करून तपासणं जास्त भरवशाचं, कारण खाल्लेलं बहुतेक मीठ तिथेच बाहेर पडतं.

आजारी पडल्यावर विचारण्यातही गफलत होते. ज्याला आजार झाला तो आपल्या खाण्यात कारण शोधत असतो, त्यामुळे त्याला जास्त आठवतं. त्यावर उपाय म्हणजे माणूस धडधाकट असतानाच विचारून ठेवायचं आणि मग वाट बघायची. अमेरिकेत 1976 मध्ये 1,21,700 परिचारिकांना घेऊन असा अभ्यास सुरू झाला, 1980 पासून त्यांच्या आहाराची नोंद होऊ लागली, आणि पुढे कित्येक दशकं त्यांचा पाठपुरावा चालू राहिला. आहाराच्या बऱ्याच बातम्यांचं मूळ अशा अभ्यासांत असतं.

खतानं पिकलं की विहिरीनं?

समजा, गावात ज्यांनी महागडं खत टाकलं त्यांना कपाशीचा उतारा चांगला आला. दुकानदार म्हणणार, बघा खताची कमाल. पण महागडं खत घेणाऱ्याकडेच विहीर आहे, त्याचीच जमीन काळी कसदार आहे, फवारणीला मजूर त्यालाच परवडतात. मग उतारा खतानं आला की विहिरीनं? नुसतं बघून सांगता येत नाही.

आहाराच्या अभ्यासात हा घोळ पावलोपावली असतो. शास्त्रज्ञ त्याला कन्फाउंडिंग म्हणतात. रोज बदाम खाणारे जास्त जगतात असं दिसलं, तर बदाम परवडणाऱ्यांना दवाखानाही परवडतो, हे आधी आठवायला हवं. गणिताने काही प्रमाणात ही सरमिसळ सोडवता येते. सारख्या उत्पन्नाचे, सारख्या वयाचे, तंबाखू न खाणारे असे गट पाडून तुलना करतात. पण जे मोजलंच नाही त्याची वजावट करता येत नाही.

यावरचा पक्का उपायही शेतीतूनच आला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात शेताचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्याला कोणतं खत हे नशिबावर सोडण्याची रीत बसवली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणांच्या चाचण्या आजही याच तत्त्वावर घेतात. माणसांवरही तसंच करता येतं: चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला पूरक गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी द्यायची.

असा प्रयोग किती महत्त्वाचा असतो ते बीटा-कॅरोटीनने दाखवलं. गाजर, पालेभाज्या, पिवळी फळं यांत ते असतं, आणि या गोष्टी भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो असं अनेक पाहण्यांत दिसलं होतं. म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर गोळीचा प्रयोग झाला. 1994 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगातही तसंच दिसलं आणि तो 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. भाजी खाणं आणि भाजीतला एक घटक गोळीतून घेणं, यात एवढं अंतर निघालं.

मग सगळे प्रयोगच का करत नाहीत?

कारण कोणालाही तीन महिने लाखोळीवर ठेवता येत नाही, ठेवूही नये. शिवाय हृदयविकार किंवा कर्करोग व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, तोवर चिठ्ठीत निघालेलंच जेवण कोण जेवेल? म्हणून वेगवेगळ्या दिशांचे पुरावे एकत्र ठेवून बघावे लागतात. लाखोळीत ते जुळले. दुष्काळी गावं, रीवाचे मजूर, छावणीतले कैदी आणि बंगळूरची प्रयोगशाळा, सगळ्यांनी एकच बोट दाखवलं. एका पाहणीवर उभी असलेली बातमी आणि असा जुळलेला पुरावा यांत मोठा फरक आहे.

"धोका 18 टक्क्यांनी वाढतो" म्हणजे किती?

2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलं की सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभरातल्या अठरा जणांना होणार. तसं नाही. समजा, शंभरात पाच जणांना हा रोग एरवीही होतोय. त्या पाचाचे 18 टक्के म्हणजे साधारण एक. पाचाचे सहा झाले. मूळ आकडा सांगितलेला नसेल तर नुसत्या टक्क्यांवरून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. गावकुसात तर सॉसेज कोणी खातच नाही, त्यामुळे हा इशारा खरा असूनही आपल्या कामाचा फारसा नाही.

शास्त्रज्ञ मत का बदलत राहतात?

बदलतात ते कडेकडेच्या गोष्टींवर. पायाभूत गोष्टी बऱ्याच वर्षांत हललेल्या नाहीत. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लोणचं, पापड, ठेचा धरून आपण त्यापुढे सहज जातो. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक, म्हणून जानेवारी 2022 पासून भारतात तेला-तुपात ते 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. आधी मज्जारज्जूचा जन्मदोष असलेलं मूल झालेल्या आयांना पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक अॅसिड दिलं, तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटतं, हे 1991 च्या प्रयोगात दिसलं. या गोष्टींची बातमी होत नाही, कारण त्यात नवं काही नाही.

हे सगळं परदेशातलं. आपल्याला काय?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. अमेरिकेतल्या परिचारिकेचं ताट आणि आर्वी-समुद्रपूरकडच्या शेतमजूर बाईचं ताट सारखं नाही. आपला प्रश्न बऱ्याचदा जास्त खाण्याचा नसून एकाच प्रकारचं खाण्याचा असतो. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळत आल्यामुळे पश्चिम विदर्भात ज्वारीची भाकर ताटातून मागे सरली, आणि डाळ मात्र बाजारभावानेच घ्यावी लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला.

चहाचा सल्ला इथे लागू पडतो. भाकर, डाळ, पालेभाजीतलं लोह शरीर मुळात कमी शोषतं, आणि चहातले टॅनिन ते आणखी अडवतात. भरपूर मांस-मच्छी खाणाऱ्या, रक्त चांगलं असणाऱ्या माणसाला याने फारसा फरक पडणार नाही. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला पडतो. तिने लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि जेवणात लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. पण सगळा रक्तक्षय खाण्यातून येत नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, जंत आहेत, मलेरिया आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त पालक खाऊन भरून येणार नाही. तिथे आधी तपासणी लागते.

खारपाणपट्ट्यात काय विचारायला हवं

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत, जमिनीतलं पाणी खारट आहे. तिथले लोक किडनीच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि दोष पाण्याला देतात. संशय अगदी स्वाभाविक आहे. पण गावात किडनीचे रुग्ण मोजले आणि पाणी तपासलं, एवढ्याने काम होत नाही. पट्ट्यातली आणि पट्ट्याबाहेरची, शेती आणि उत्पन्न सारखं असलेली गावं निवडावी लागतील. कोण किती वर्षं कोणतं पाणी प्यायलं ते घरोघर नोंदवावं लागेल. मीठ लघवीतून मोजावं लागेल. मधुमेह आणि रक्तदाब तपासावा लागेल, कारण किडनी निकामी होण्यामागे हे दोन आजार सगळीकडेच मोठे आहेत. अंगदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब लागेल, त्याही किडनीला इजा करतात. उन्हात पाण्याविना किती तास काम होतं, फवारणी कोण करतं, हेही विचारावं लागेल. आणि किडनी कशी चालते हे ज्यावरून कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन एकदा तपासून सोडून न देता त्याच माणसांचं दर वर्षी तपासावं लागेल.

गोड्या पाण्याची नळयोजना काही गावांत आधी पोचते, काहींत उशिरा. या दोहोंची तुलना फार उपयोगाची ठरेल. मात्र ज्या गावांना नळ आधी मिळाला ती रस्त्यालगतची, बऱ्या परिस्थितीतली, दवाखाना जवळ असलेली होती का, हे त्याच वहीत पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं लागेल. नाहीतर दहा वर्षांनी आकडे हाती येतील आणि त्यातलं पाण्याचं किती आणि दवाखान्याचं किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.